दिवा लागतो, पडदा काळा

निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना माणसाने नवे उद्योग आरंभू नयेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत प्रस्तुत लेखकाने एक धाडस केलेच. घरातला जुना संगणक उघडून त्यावर ‘लिनक्स’ नावाची कार्यप्रणाली बसविली. त्या धाडसाची पुढे जी गत झाली, ती या वेळी वाचकांपुढे ठेवावी असे योजिले आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील पुष्कळ घरांत असा एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला असेल, आणि त्या घरांतही आज ना उद्या हाच प्रसंग यावयाचा आहे.

आमचा संगणक २०१३ सालचा. त्यावरील विंडोज १० या प्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविल्या. पुढची आवृत्ती घालावी, तर तिला लागणारी विशिष्ट सुरक्षा-चकती या वयोवृद्ध यंत्रात नाही. दुकानदाराने नव्या यंत्राची किंमत सांगितली. ती ऐकून मी चहा न पिताच परतलो. पुण्याला नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, यंत्र फेकू नका. लिनक्स घाला. पैसे लागत नाहीत आणि जुन्या यंत्राला झेपतं.”

पैसे लागत नाहीत, म्हणजे वस्तू हलकी असणार, अशी आपल्याकडे समजूत असते. येथे तसे नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगापुढे मोकळा ठेवला. तेव्हापासून हजारो हातांनी तो वाढविला आहे. त्याची ‘लिनक्स मिंट’ नावाची एक सुटसुटीत आवृत्ती विद्यार्थ्याने माझ्यासाठी निवडली. मात्र एक अट त्याने तीनदा बजावली : आधी सर्व फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

ही अट मी पाळली, त्याचे कारण सांगितले पाहिजे. त्या यंत्रात माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. २०१४ साली तिने सांगितल्या, मी वहीत उतरविल्या आणि पुस्तिका काढण्याच्या हेतूने एका छापखान्यात टंकून घेतल्या. पुस्तिका काही निघाली नाही. २०१६ साली आई गेली. पुढे वही ज्या फडताळात होती, त्याला वाळवी लागली. उरली ती केवळ छापखान्याने दिलेली फाइल.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, तेव्हा प्रथम एक यादी आली. तिच्यातील दुसरी ओळ ‘कंपॅटिबिलिटी मोड’ ही निवडा, असे विद्यार्थ्याने सांगितले होते. या पद्धतीत यंत्र पडद्याशी फार जवळीक न साधता, साध्या तडजोडीवर चित्र दाखविते. तीवर प्रणाली निर्विघ्न बसली. यंत्राने ‘पुन्हा सुरू करा’ म्हटले, मी केले. कंपनीचे बोधचिन्ह आले, गेले, आणि पडदा काळा झाला. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पंखा फिरत होता, समोरचा दिवा लुकलुकत होता, पण पडद्यावर अमावास्या. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, चालत होतं ते बरं होतं की!” यावर उत्तर नव्हते.

रात्री दहाला पुन्हा पुण्यास दूरध्वनी. त्या मुलाने विचारलेला पहिला प्रश्न मला फार आवडला. तो म्हणाला, “गुरुजी, कळफलकावरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो का?” दाबले. दिवा लागला. पुन्हा दाबले, विझला. “मग यंत्र जिवंत आहे. त्याला बोलता येतंय, फक्त चेहरा दाखवता येत नाही.” वर्गात न बोलणाऱ्या मुलाला आपण ‘ढ’ ठरवून मोकळे होतो, त्याने निदान आधी नाडी पाहिली.

खरा प्रकार असा होता. बसविताना मी तडजोडीची ओळ निवडली होती, परंतु प्रणाली एकदा बसल्यावर ती सूचना यंत्राला कोणीच दिली नव्हती. त्यामुळे त्याने चित्र काढणाऱ्या चकतीशी आपल्या पद्धतीने थेट व्यवहार सुरू केला आणि दोघांचे जमले नाही. उपाय पुढीलप्रमाणे. यंत्र सुरू होताच शिफ्टची कळ दाबून धरावी (नव्या धाटणीच्या यंत्रांवर एस्केपची कळ एक-दोनदा दाबावी). एक यादी येते. पहिल्या ओळीवर असताना इंग्रजी ‘ई’ दाबावे. मग जो मजकूर उघडतो, त्यात ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द सापडतात. ते पुसून त्या जागी ‘नो’, ‘मोड’ आणि ‘सेट’ हे तीन इंग्रजी शब्द लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता, जोडून लिहावेत आणि एफ-१० दाबावे. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच टिकते. म्हणून चुकले तरी भिण्याचे कारण नाही. यंत्र बंद करून पुन्हा आरंभ करावा.

मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा पडदा उजळला.

उजळला खरा, पण सर्व काही भिंगातून पाहावे तसे थोराड. खिडक्या इतक्या मोठ्या की त्यांच्या तळाशी असलेली ‘ठीक आहे’ची बटणे पडद्याखाली गडप झालेली. बटणच दिसत नाही, तर दाबणार काय? येथे एक युक्ती उपयोगी पडते : आल्टची कळ दाबून धरावी आणि खिडकी कुठेही पकडून माउसने वर ओढावी. बटण वर येते. मग मोबाइल तारेने जोडून इंटरनेट घेतले आणि यादीतील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला. आमच्या चित्र-चकतीसाठी तिच्या निर्मात्याचे स्वतःचे चालक-सॉफ्टवेअर तेथे सुचविलेले होते. ते घेतले, यंत्र पुन्हा सुरू केले. आता ते विशेष सूचनेवाचून आपण होऊन उजळू लागले. लढाई जिंकली असे वाटले, पण अक्षरे अजून थोराडच! प्रदर्शनाच्या यादीत सर्वांत मोठे माप १०२४ गुणिले ७६८. पडद्याच्या पाठीमागे छापलेले माप मात्र १४४० गुणिले ९००.

या टप्प्यावर मी दोन दिवस वाया घालविले. नाना आज्ञा टंकल्या, एका मित्राने आणखी दोन सांगितल्या, त्याही टंकल्या. दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. तो मेजाच्या मागे होता. संगणकाकडून पडद्याकडे जाणारी जुन्या धर्तीची निळ्या तोंडाची तार असते, तिला पंधरा टाचण्यांची जागा असते. रंग आणि चित्र पाठविण्याचे काम त्यांतील काही टाचण्या करतात. पण बाराव्या आणि पंधराव्या टाचणीचे काम उलट दिशेचे आहे : पडदा आपले नाव-गाव, आपली मापे त्यांच्यावाटे संगणकाला कळवितो. ही माहिती जेमतेम १२८ बाइटांची, पोस्टकार्डावर मावेल एवढी. ती पोचली नाही, तर चित्र दिसत राहते, परंतु समोर कोण बसला आहे हे यंत्राला कळत नाही. मग ते बेताचे माप धरून चालते. तार काढून उजेडात धरली. पंधरावी टाचणी वाकून आडवी झाली होती. धूळ झटकण्यासाठी यंत्र हलविले, तेव्हा घाईत तार तिरपी खुपसणारा हात माझाच. नवी तार आणली, लावली, आणि पडदा एकदम आपल्या मापात आला. तेव्हा वाचकहो, पडदा रुसला तर आज्ञा टंकण्याआधी तार काढून पाहावी. आम्ही शिक्षक मंडळी उत्तरपत्रिकेत चुका शोधतो; पेनात शाई आहे की नाही, हे शेवटी पाहतो.

आता मराठी. कळफलकात मराठी जोडली आणि ‘ऱ्हस्व’, ‘सुऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’ असे अवघड शब्द टंकून पाहिले. सारे नीट उमटले. रेड हॅट या कंपनीने २००४ साली ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे टंक मोकळे केले, तेव्हापासून लिनक्सवर आपली अक्षरे परकी राहिलेली नाहीत. आणखी एक गंमत सीमेवरच्या आपणा लोकांसाठी. इनस्क्रिप्ट या कळफलकात कन्नड ‘क’ आणि मराठी ‘क’ एकाच कळीवर आहेत. बाकी वर्णही तसेच. कन्नडमध्ये टंकायला शिकलेल्या मुलाला मराठीसाठी बोटे नव्याने वळवावी लागत नाहीत.

मग आईची फाइल उघडली. तिच्यात एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा, अर्धविराम, असा पानभर कचरा. पडदा काळा झाला तेव्हा जेवढे काळीज हलले नव्हते, तेवढे आता हलले.

यातही कोणाचा गुन्हा नाही. त्या काळच्या छपाईच्या टंकांत अक्षराला स्वतःची ओळख नसे. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र चिकटविलेले असे. तो टंक यंत्रात आहे तोवर मराठी दिसते, टंक गेला की मुखवटा गळून पडतो. आजच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. फाइल घेऊन मी त्याच छापखान्यात गेलो. तेथील जुन्या यंत्रावर ती अजून मराठीत दिसत होती. त्यांनी तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून दिले. जुन्या टंकात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, त्यामुळे रूपांतरात या दोहोंची जागा वारंवार चुकली. तीन आठवडे बसून मी एकेक ओवी दुरुस्त केली.

एका ठिकाणी अडलो. ओवीत भाऊ बहिणीला न्यायला येतो, वाटेत तो काय ओलांडतो? रूपांतरात ‘दर्या’ आला आहे. पण जुन्या टंकातील ‘ऱ्य’ सर्वत्र ‘र्य’ होऊन आला आहे, तेव्हा मूळ शब्द ‘दऱ्या’ही असू शकेल. युनिकोडमध्ये या आडव्या ‘ऱ’ला वेगळा क्रमांक आहे. मुळात तो द्राविडी भाषांतील कठोर ‘ऱ’ लिहिण्यासाठी ठेवलेला, त्याचेच अर्धे रूप मराठीच्या कामी येते. कन्नडमध्येही तसा एक वर्ण पूर्वी होता, तो मागे पडला. क्रमांक आहे, पण तेथे कोणता क्रमांक घालावा हे सांगणारी आई नाही. आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. मांजरेचे पात्र हेच तिचे मोठे पाणी. तरी ओव्यांत न पाहिलेला दर्याही येतो.

उदगीरकडे धाकटी मावशी आहे, वय ब्याऐंशी. तिला दूरध्वनी लावून विचारले. “थांब की रे बाळा, म्हटल्याशिवाय कसं आठवंल?” असे म्हणून तिने ती ओवी सबंध म्हटली. तिच्या ओवीत दर्याही नव्हता आणि दऱ्याही नव्हत्या. तिचा भाऊ घाट उतरून येत होता.

आईच्या फाइलमध्ये मी ‘दऱ्या’ असे लिहिले आहे आणि खाली मावशीचा पाठ वेगळा दिला आहे.