मनातलं दिसू द्या

2018च्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटना आणि जिल्हा प्रशासनाने आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या तलाव-धरणांतला गाळ काढायला घेतला. जेसीबी, पोकलेन लागले. शेतकऱ्यांनी तो गाळ शेतात नेऊन टाकला. पाऊस पाडणं कुणाच्या हाती नव्हतं. पाण्याला जागा करून ठेवणं मात्र होतं.

नात्यांचंही तसंच आहे. माझी आपा चिखलीला असते. बुलढाण्याहून तासाभराचाही रस्ता नाही. तरी दोन ईद गेल्या, मी गेलो नाही. फोनवर म्हणालो, "आपा, तुझी आठवण येतेच की!" ती म्हणाली, "मनातलं मला कसं दिसणार रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. येत्या रविवारी एसटीत बसलो.

हज-उमऱ्यात सफा-मरवाच्या सात फेऱ्यांना सई म्हणतात. सई म्हणजे प्रयत्न, धडपड. हजरत हाजरा तहानलेल्या बाळासाठी धावल्या. झमझम निघालं ते बाळापाशी, त्या धावल्या त्या वाटेवर नव्हे. तरी ती धाव वाया गेली नाही. आजही लाखो माणसं तीच वाट चालतात.

मित्रांनो, अब्बूंची औषधं आणणं, अम्मीला स्वयंपाकात हात लावणं, रुसलेल्या दोस्ताकडे आधी आपण जाणं, रोज अभ्यासाला बसणं, ही आपली सई. निकाल काय लागेल, समोरचा काय बोलेल, ते आपल्या हाती नाही. गाळ काढणं आहे. या आठवड्यात एक तरी दार वाजवा.