गाठ आत जात नसेल तर सकाळची वाट पाहू नये

पिंगुळी आणि आसपासच्या वाड्यांतील प्रत्येक घराला हे आवाहन आहे. जांघेत, बेंबीपाशी किंवा जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर फुगवटा येत असेल, तर तो लपवू नये. आणि एरवी आत जाणारी गाठ एके दिवशी आत जाईनाशी झाली, दुखू लागली, तर त्याच रात्री निघावे.

या फुगवट्याला डॉक्टर हर्निया म्हणतात, जुनी माणसे अंतर्गळ. चिरेखाणीवर राबणारा, माडावर चढणारा, वर्षानुवर्षे खोकणारा, लघवीला कुंथावे लागणारा, अशा कितीतरी जणांना तो असतो. ‘झोपलंय काय आत जाता,’ एवढ्या दिलाशावर वर्षे निघून जातात. पोटाच्या भिंतीला पडलेल्या फटीतून आतड्याचे वेटोळे बाहेर येते आणि परत जाते, तोवर निभते. एक दिवस ते फटीत अडकते. आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात, त्यामुळे आतडे सुजते, सुजल्यामुळे फास आणखी आवळतो आणि शेवटी रक्त येणेच थांबते. त्यानंतर आतडे वाचवायला हाती काही तासच असतात. साधारण सहा तासांनंतर ते सडण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

गाठ कडक होते, हात लावू देत नाही, कधी त्यावरची कातडी लाल होते. पोट फुगते, पीळ मारून दुखते, उलट्या होतात, शौचाला होत नाही, वायूही सरत नाही. अशा वेळी गाठ दाबून आत ढकलू नये, तेल लावून चोळू नये, शेकू नये. एरंडेल किंवा जुलाबाचे औषध तर मुळीच देऊ नये. ऑपरेशन लागण्याची शक्यता असल्याने चहा-पेजही थांबवावी. गाठ नसतानाही पोट फळीसारखे ताठ झाले, हलले तरी कळ येऊ लागली, तर अपेंडिक्स फुटलेले असू शकते किंवा टायफॉईडने, क्षयाने आतड्याला भोक पडलेले असू शकते. कळ थांबवणारे इंजेक्शन घेऊन घरी पडून राहणे हा त्यावर उपाय नव्हे.

लाज हे उशिराचे मोठे कारण आहे. इंग्लंडच्या राजाची, दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलिन हिला शेवटच्या बाळंतपणापासून बेंबीचा हर्निया होता. तिने तो वर्षानुवर्षे डॉक्टरांपासून लपवला. नोव्हेंबर १७३७ मध्ये आतडे अडकले, तेव्हाही ती बोलेना. अखेर राजानेच सांगितले. तोवर वेळ गेली होती आणि त्याच महिन्यात ती वारली. तिच्या काळात भूल नव्हती, सुरक्षित शस्त्रक्रियाही नव्हती. आज दोन्ही आहेत, तरी सिझेरियनच्या व्रणावरचा फुगवटा पदराआड राहतोच. मांडीच्या मुळाशी होणारा हर्निया बायकांत पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि तो अडकण्याची भीतीही जास्त. म्हणून घरातल्या बायकांना कुणीतरी मुद्दाम विचारायला हवे.

ऑपरेशन टेबलावर सर्जन फास सोडवतो, तेव्हा आतडे जांभळे-काळे दिसते. त्यावर कोमट सलाईनमध्ये भिजवलेले कापड ठेवून काही मिनिटे थांबतात. रंग परत गुलाबी झाला, आतड्यात हालचाल दिसली, धमन्यांत ठोका लागला, तर ते आत ठेवून फट शिवता येते. नाहीतर तेवढा तुकडा कापून दोन टोके जोडावी लागतात, आणि मग संसर्ग, अतिदक्षता विभाग, लांबलेला मुक्काम. दुपारी दुखू लागताच निघालेला आणि पहाटेपर्यंत थांबलेला रुग्ण यांच्यात बहुधा एवढाच फरक असतो.

ही वेळ येऊ न देण्याचा मार्ग, म्हणजे आधीच केलेले ऑपरेशन, महागच असते असेही नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी फटीवर बसवायच्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून हर्नियाची ऑपरेशने केली आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर झालेल्या चाचणीत अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची ठरली; ते निष्कर्ष २०१६ साली आले. महाराष्ट्रातल्या गावखेड्यात रुजलेली ही कल्पना आहे, याचा अभिमान वाटायला हवा. त्रास नसलेल्या पुरुषाला काही वेळा डॉक्टर ‘थांबून पाहू’ म्हणतात आणि ते योग्यही असते. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा.

आता गावाचे काम. रात्री कुणाची गाडी निघेल, हे प्रत्येक वाडीने आधीच ठरवून ठेवावे. १०८ ला फोन करतानाच ‘गाठ अडकली आहे, उलट्या होत आहेत’ असे स्पष्ट सांगावे. ओरोसचे जिल्हा रुग्णालय, पडव्याचे मेडिकल कॉलेज किंवा गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय, कुठेही निघण्याआधी एकाने फोनवर एवढेच विचारावे: सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता आहेत का? एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, यातच मोलाचे तास जातात. हे सगळ्यांपर्यंत नेण्याचे साधनही गावातच आहे. पिंगुळीचे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पाहायला लांबून माणसे येतात. ठाकर कलावंतांनी हा विषय एखाद्या खेळात घेतला, तर तो घराघरांत पोहोचेल. मंडळांनी त्यांना तशी विनंती करावी.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत हाताशी ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कोणते ऑपरेशन कुठे बसते, हे योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. ज्यांना आज गाठ आहे पण दुखत नाही, त्यांनी याच आठवड्यात त्याला भेटून यावे.