वर्गातला झाडू कोणाच्या हाती?



इतवारीच्या धान्यबाजारात पोती वाहणाऱ्या हमालांची आणि घरकाम करणाऱ्या बायांची मुले संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत येतात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई आणि संविधानाची उद्देशिका आहे. आम्ही स्वतःला समतावादी समजत होतो. एक दिवस आठवीतल्या एका मुलीने विचारले, "तुम्ही रोज समता शिकवता, मग झाडू रोज आम्हीच का मारायचा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. झाडू मुलींनीच घ्यावा, असा नियम आम्ही कधी केला नव्हता. पण हाक मात्र नेहमी मुलींनाच जात होती. मग आठवडाभर आम्ही वहीत खुणा करून पाहिले की, प्रश्न कोणाला विचारतो. गणित सोडवायला फळ्यापाशी बहुतेक मुलेच बोलावली गेली होती. मुलींच्या वाट्याला "अक्षर छान आहे" एवढे कौतुक आले होते. सनातनी मंडळींना शिव्या देणे सोपे असते. ती वही वाचणे अवघड गेले.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' मध्ये दाखवून दिले की, जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. माणसाची आवड, कुवत न पाहता जन्मावरून काम ठरते. मग मुलगी म्हणून जन्मली म्हणून झाडू, मुलगा म्हणून जन्मला म्हणून फळा, ही कोणती विभागणी? तर्क तोच आहे. ज्या समाजाने झाडू जातीने लादला जाण्याचे दुःख भोगले, त्यानेच तो आपल्या लेकींच्या हाती द्यावा, यासारखी विसंगती नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, "आधी जातीचा प्रश्न सुटू द्या, बायकांचे नंतर पाहू." त्यांनी आपल्याच नागपूरचा इतिहास वाचावा. ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या आणि १९२२ साली त्यांनी याच शहरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरातच दलित महिला परिषद भरली. हजारो बाया आल्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वबंदी यांचे ठराव तिथे झाले. पत्नीने नवऱ्याची गुलाम नव्हे, बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितले. आपल्या चळवळीत हे दोन प्रश्न वेगळे कधीच नव्हते. 'नंतर' हा शब्द आपण घुसवला.

पाठ्यपुस्तक बदलू शकते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईसोबत भाजी निवडणारे वडील आले. चांगलेच झाले. पण ते चित्र शिकवून झाल्यावर पाहुण्यांच्या स्वागताला, रांगोळीला, चहा द्यायला मुलींनाच उठवले, तर मुले पुस्तकातून नाही, वर्गातूनच शिकतात. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या फोटोला हार घालणारी शाळा ४ तारखेला मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे पाहते का? शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह बंधनकारक केले आहे. त्याला कुलूप असेल तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही आणि पाळीच्या दिवसांत घरीच राहते. तिच्या गैरहजेरीला आपण 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आधी आपल्या अभ्यासिकेपासून सुरुवात करावी. झाडू आणि पाण्याच्या माठाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा. प्रश्न विचारण्याचा क्रमही तसाच ठेवा. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मुलींना फक्त स्वागतगीत देऊ नका, भाषण द्या, माईक द्या. मग शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतल्या आया पाठवा आणि तिथे स्वच्छतागृहाची किल्ली मागा.

आमच्याकडे पाळी लागली तेव्हा दोन पालकांनी मुलांना पाठवणे बंद केले. "आमचा पोरगा झाडू मारायला येतो का?" असे ते म्हणाले. एक मुलगा परत आला, दुसरा अजून आलेला नाही. त्याच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत. पाळी मात्र बदलणार नाही.

कारण ज्या पोरीने प्रश्न विचारला, ती आता फळ्यापाशी उभी राहते. तिला परत झाडूकडे पाठवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जय भीम! जय संविधान!