व्हॉल्व्हची बनावट वंशावळ

१/ जुन्या सीडी प्लेयरच्या पोटातील मूळ आउटपुट आयसी काढायच्या, त्यांच्या जागी काचेचे व्हॉल्व्ह बसवायचे आणि यंत्राला ‘जुन्या काळचा अस्सल आवाज’ परत मिळाला असे जाहीर करायचे, हा उद्योग मुंबईतील हौशी मंडळींतही प्रतिष्ठा पावू लागला आहे. आवडीपुरता तो निरुपद्रवी आहे. मात्र त्याला ‘जीर्णोद्धार’ म्हणताच प्रश्न इतिहासाचा होतो, कारण हा ‘जुना काळ’ कधी अस्तित्वातच नव्हता.

२/ आधी कालक्रम पाहू. फ्लेमिंगचा डायोड १९०४ सालचा. ली डी फॉरेस्टचा ऑडिऑन १९०६ सालचा. बेल लॅब्जमधील ट्रान्झिस्टर १९४७ सालचा. सोनीचा सीडीपी-१०१ जपानच्या दुकानांत आला तो १ ऑक्टोबर १९८२ रोजी. तोवर घरगुती यंत्रांतून व्हॉल्व्ह जवळजवळ हद्दपार झाला होता. सीडी ही ट्रान्झिस्टर आणि आयसी यांची अपत्य. व्हॉल्व्ह तिचा पूर्वज असेल, पण जोडीदार नव्हे.

३/ व्हॉल्व्ह आणि सीडी यांचा विवाह लागला तो नंतर, आणि बाजारात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅलिफोर्निया ऑडिओ लॅब्जने व्हॉल्व्हचा आउटपुट असलेले सीडी प्लेयर विकायला काढले. सुरुवातीच्या अनेक सीडी एलपीसाठी बनवलेल्या टेपांवरूनच उतरवल्या होत्या. त्यांचा आवाज कर्कश वाटे आणि ग्राहक नाराज होते. त्या नाराजीवरचा हा व्यापारी उतारा होता. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ साली घडवलेल्या परंपरांवर ग्रंथ संपादित केला. त्यात हे एक प्रकरण सहज शोभले असते.

४/ या मंडळींचा लाडका व्हॉल्व्ह म्हणजे ईसीसी८८. तो संगीतासाठी जन्मलाच नव्हता. दूरचित्रवाणी संचाच्या ट्यूनरमध्ये क्षीण लहरी वाढवणे हे त्याचे मूळ काम. मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. टीव्हीच्या ट्यूनरमधील चाकरमान्याला ‘मैफलीचा वारसदार’ ठरवण्यासाठी केवढी वंशावळ रचावी लागली असेल!

५/ “पण आजोबांच्या रेडिओचा तो ऊबदार आवाज?” ती ऊब खरी होती. तिचे कारण मात्र एकट्या व्हॉल्व्हमध्ये नव्हते. मध्यम लहरींचे प्रक्षेपण मुळातच अरुंद, त्यामुळे वरचे तीक्ष्ण स्वर घरापर्यंत पोहोचतच नसत. त्यात लाकडी पेटी, कागदी शंकूचा मोठा स्पीकर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. यांतले काहीही सीडी प्लेयरच्या पत्र्याच्या डब्यात बसत नाही. बसतो तो फक्त काचेचा दिवा.

६/ दिवा हा शब्द मुद्दाम वापरला आहे. स्वस्त तयार किटांमध्ये व्हॉल्व्हच्या तळाशी नारिंगी एलईडी लावलेला सापडतो, कारण व्हॉल्व्हची स्वतःची तार पुरेशी तेजस्वी दिसत नाही. गाभाऱ्यातील समईत बॅटरीचा बल्ब लावावा, तसा हा प्रकार.

७/ आता ‘गोडव्या’कडे. ट्रायोड मूळ स्वरात दुप्पट कंप्रतेचा अंश मिसळतो, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर. कानाला तो सुखद वाटतो, यात नवल नाही. परंतु व्हॉल्व्हच्या युगातील अभियंते याच मिसळीला दोष मानत आणि ती घटवण्यासाठी झटत. व्हॉल्व्हचे मंडल उत्तम बांधले असेल, तर ही भर इतकी अल्प असते की ऐकू येणे कठीण. ठळक ऐकू येत असेल, तर ते मूळ मुद्रणात नसलेले काहीतरी आहे. दोन्ही बाजूंनी ‘अस्सल आवाज परतला’ हा दावा कोसळतो.

८/ येथवर फसवणूक शब्दांची होती. पुढची हानी वस्तूची आहे, आणि ती भरून येत नाही.

९/ सीडीचा वेग सेकंदाला ४४,१०० नमुने. हा विचित्र आकडा कुठून आला? आरंभी ध्वनीचे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या प्रत्येक रेषेत ३ नमुने, एका क्षेत्रात २४५ रेषा, सेकंदाला ६० क्षेत्रे: ३ × २४५ × ६० = ४४,१००. युरोपीय पद्धतीतही ३ × २९४ × ५० करून उत्तर तेच. (टीव्ही येथेही आडवा आलाच.)

१०/ प्रत्येक नमुना १६ बिटांचा असावा असे ठरले. फिलिप्सच्या हाती मात्र १४ बिटांची चिप होती, टीडीए१५४०. तिच्या अभियंत्यांनी नमुन्यांचा वेग चौपट केला, सेकंदाला १,७६,४००. एका नमुन्यात राहिलेली चूक पुढच्या नमुन्याच्या हिशेबात वळती केली. आणि गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर ढकलून १४ बिटांतून जवळजवळ १६ बिटांचे काम काढले.

११/ याचा आणखी एक परिणाम झाला. सोनीच्या पहिल्या यंत्राला शेवटी अतिशय तीव्र उताराचा ॲनालॉग फिल्टर लागला; फिलिप्सला सौम्य फिल्टर पुरला. म्हणजे आउटपुटचा तो टप्पा हा दोन कंपन्यांमधील वादाचा पुरावा आहे. जुना फिलिप्स किंवा मारान्झ उघडून पहिला घाव घातला जातो तो नेमका यावरच. वादातील एका पक्षाची अखेरची कैफियतच फाडून टाकली जाते.

१२/ मराठी वाचकाला हे निराळे समजावयाला नको. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तो अस्सल कागद बोलू शकतो या निष्ठेपोटी. एखाद्या कारकुनाने मोडी पत्राची सुबक अक्षरात नक्कल करावी, चार गोड वाक्ये पदरची घालावीत आणि मूळ कागद चुलीत टाकावा, तर त्याला संशोधक कोण म्हणेल? गडावरच्या बुरुजाला सिमेंटचा गिलावा देणाऱ्यावर हीच तरुण पिढी तुटून पडते. मग येथे टाळ्या कशासाठी?

१३/ अशी यंत्रे आपल्याकडे मुळात थोडी. मराठी घर रेडिओवरून कॅसेटवर आले आणि तेथेच दीर्घकाळ रमले. १९८०च्या दशकात आयात कराच्या भिंती उंच होत्या; सीडी प्लेयर आला तो बहुधा आखातातून परतणाऱ्याच्या सामानातून. त्यातही हिंदमाताला पाणी भरते, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि परळ-दादरचे सखल भाग पाण्याखाली गेले. तळमजल्यावरील घरांत खाटेखालच्या वस्तूंचे काय झाले असेल, ते उघड आहे.

१४/ व्हॉल्व्हचा गौरवच करायचा असेल, तर त्याचा या शहरातील खरा इतिहास सांगावा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई नभोवाणी केंद्र सुरू झाले ते व्हॉल्व्हवर. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलला, तो व्हॉल्व्हने आवाज सभागृहभर वाढवला म्हणून. हिंदमाता चौकाला नाव देणारे चित्रपटगृह आणि लालबागचे भारतमाता ही त्या बोलपटाचीच लेकरे. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते, १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. त्यांच्या प्रक्षेपकात व्हॉल्व्ह होते आणि त्यांपायी तुरुंग होता. पुढे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते देशातच बनवले. एवढे सगळे असताना व्हॉल्व्हला दिवाणखान्यातील शोभेची समई करणे हा त्याचाच अपमान आहे.

१५/ प्रतिपक्षाची एक बाजू वजनदार आहे, ती टाळता येणार नाही. लेझर थकले की सुटा भाग मिळत नाही, आणि हौशी माणसाने हात घातला नसता तर यंत्र चोरबाजारातून थेट भंगारात गेले असते. मान्य. लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या कारागिरांच्या हाताला झाळकामाची सफाई आहे, त्यांचे ऋणही मान्य. सुकलेला कपॅसिटर बदलणे ही दुरुस्ती आहे. तिला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती चालू यंत्राचा बोर्ड कापण्याला.

१६/ आणि कापण्याची गरजच काय? व्हॉल्व्हचा रंग हवा असेल, तर व्हॉल्व्हचा बफर वेगळ्या पेटीत बांधून प्लेयरच्या मागे दोन वायरींनी जोडता येतो. रंग तोच मिळतो, मूळ बोर्डाला धक्का लागत नाही आणि व्हॉल्व्हसाठी लागणारा शंभर-दोनशे व्होल्टचा दाब त्या नाजूक यंत्रापासून दूर राहतो. ‘तेवढी मजा येत नाही’ याखेरीज या सूचनेवर उत्तर आलेले दिसत नाही.

१७/ ज्यांनी बोर्ड आधीच कापला आहे, त्यांच्यासाठी: काढलेल्या आयसी आणि फिल्टरचे सुटे भाग एका पिशवीत घालावेत, सोबत मंडलाची आकृती, काय बदलले आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि पिशवी यंत्राच्या आतच चिकटवावी. त्या काळच्या प्लेयरमध्ये तेवढी जागा सहज असते.