पट्टा आहे, पण भरवशाचा आहे का?

उरण तालुक्यातील चिरनेरचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. त्यानंतरच्या काळात या परिसराचे रूप पार पालटले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पाठोपाठ उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर यार्ड आणि पत्र्याची प्रचंड गोदामे आली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही खुला झाला. या साऱ्या उभारणीत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी परांचीवर, पत्र्यावर किंवा कंटेनरच्या माथ्यावर चढतो, आणि त्याचा जीव एका पट्ट्यावर अवलंबून असतो.

कामगाराला पट्टा दिला, म्हणजे कर्तव्य संपले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वास्तविक पट्टा ही झिजणारी वस्तू आहे. तो नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा असतो. उन्हाने त्याचे धागे कमकुवत होतात, वेल्डिंगच्या ठिणगीने बारीक भोके पडतात, रंग आणि रसायनांनी तो कडक होतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हूक व कड्या गंजतात. यातले बरेचसे लांबून दिसत नाही. पट्टा हातात वाकवून, इंच-इंच फिरवून पाहावा लागतो. शिवण उसवली आहे का, कडी वाकली आहे का, हुकाची झडप आपोआप बंद होते का, उत्पादनाची तारीख व क्रमांक असलेली चिठ्ठी शाबूत आहे का, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. धक्का शोषणाऱ्या पुडक्याची शिवण एकदा उसवली, की त्याचे काम संपले. पडणाऱ्या माणसाचा भार एकदा झेललेला पट्टा वरून धडधाकट दिसला तरी वापरातून काढलाच पाहिजे.

तपासणी केवळ पट्ट्याची नव्हे, जागेचीही हवी. दोर दोन मीटरचा. धक्का शोषताना पुडके पावणेदोन मीटरपर्यंत उलगडू शकते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर एक मीटर राखीव. म्हणजे हूक पायाशी अडकवला, तर खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. एकावर एक ठेवलेल्या दोन सर्वसाधारण कंटेनरची उंची भरते जेमतेम सव्वापाच मीटर! पट्टा उत्तम असूनही तेथे माणूस जमिनीवर आदळू शकतो. अशा ठिकाणी डोक्यावरून ताणलेली तार किंवा झटका बसताच अडणारा आखूड दोरच हवा.

युरोपीय मानक वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी सांगते. वापरापूर्वीची रोजची पाहणी वेगळी. आपल्याकडेही आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने धोकामुक्त जागा देण्याची जबाबदारी मालकावर टाकली असून, गंभीर धोका वाटल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला दिला आहे. मात्र ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. किरकोळ ठेकेदाराबरोबर पत्रे बदलायला चढणारे तीन-चार जण बहुधा तिच्या कक्षेबाहेरच राहतात.

खरी मेख येथेच आहे. मूळ मालक, ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशा उतरंडीत पट्टा नेमका कोणाचा? सकाळी ढिगातून उचललेला आणि संध्याकाळी ढिगात टाकलेला पट्टा कोणाच्याच मालकीचा नसतो. रोजंदारीवरच्या कामगाराने ‘हा पट्टा नको’ म्हटले, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडण्याची भीती असते. मग तपासणीच्या नोंदवहीत एकाच बैठकीत महिन्याभराच्या खुणा झाल्या, तर नवल कसले?

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक पट्ट्याला क्रमांक व स्वतंत्र नोंद असावी. बाद पट्टा कापूनच टाकावा, म्हणजे तो दुसऱ्या कामावर पुन्हा अवतरणार नाही. पट्टा नाकारणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, अशी अट मूळ मालकाने ठेक्यातच घालावी. अपघातानंतर भरपाई जाहीर करणे सोपे असते. पण कामगार वर चढण्यापूर्वीची पाच मिनिटे कोणाच्या हिशेबात धरायची, याचे उत्तर ठेका देणाऱ्यानेच दिले पाहिजे.