दान कोणाचे, घाम कोणाचा?



कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्या देतात नफ्यातून. आपला कारखाना सहकारी; इथली देणगी अखेर तुमच्याच उसाच्या पैशातून जाते. तेव्हा शाळा-दवाखान्याला जरूर द्यावे, पण वार्षिक सभेत विचारून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग आम्ही नोकरदारांनी काय द्यायचे? तुमच्या पैशावर आमचा मोठेपणा नको. हंगाम संपला की शेतकी खात्याने आपले दोन रविवार द्यावेत, टिकाव-पाटी घेऊन पाझर तलावातला गाळ काढावा. ट्रॅक्टर तुमचे, घाम आमचा. गाळ हलक्या रानाला, पाणी विहिरींना. देणगीची पावती फाटते. मुरलेले पाणी उसाला दिसते.