पडद्यावर कोणी काम का करीत नाही?

मराठी मालिका नेमाने पाहणाऱ्या कोणालाही मी एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या मालिकेतला नायक नेमके काय काम करतो? "बिझनेस करतो" असे उत्तर येते. कसला? ते सांगता येत नाही. तो फाईलवर सही करतो, फोनवर मीटिंग रद्द करतो आणि घरी येऊन जिन्यात उभा राहतो. नायिका सदैव स्वयंपाकघरात असते, पण तिची भाकरी कधी थापली जात नाही, फुगत नाही, करपत नाही. आणि शेतकरी? तो बांधावर उभा राहून आभाळाकडे बघतो, गाणे म्हणतो, नाहीतर फास घेतो. वखर हाकताना, पेरताना, खुरपताना तो दोन मिनिटेसुद्धा दिसत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : प्रेक्षक कंटाळतो.

माझे म्हणणे असे की हे कारण खोटे आहे, आणि या खोट्याची किंमत आपली मुले मोजतात. आमच्या परभणी जिल्ह्यातली निम्मी पोरे शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या, शिंप्याच्या घरची. शाळेत प्रवेशाचा फॉर्म भरताना "वडिलांचा व्यवसाय?" असे विचारले की ती मान खाली घालून पुटपुटायची. तीस-बत्तीस वर्षे मी ते पुटपुटणे ऐकले आहे. बापाच्या कामाची लाज त्यांना घरात कोणी शिकवली नव्हती. पण बापाचे काम बघण्यासारखे आहे असेही कोणी कधी दाखवले नव्हते.

याला उतारा म्हणून मी जे सुचवणार आहे ते ऐकून माझ्या वयाचे लोक हसतील. जपानी अ‍ॅनिमे! म्हणजे हाताने काढलेल्या चित्रांचे सिनेमे आणि मालिका. त्यातही मारामारीवाल्या, राक्षसवाल्या नव्हेत, तर संथ चालीच्या, मोठ्या माणसांसाठी केलेल्या, ज्यांत माणसे काम करतात आणि त्या कामावर जीव लावतात. पुण्याच्या नातीमुळे माझी त्यांच्याशी गाठ पडली. खाली इंग्रजी अक्षरे पळत असतात, ती वाचता वाचता आमच्या पिढीची दमछाक होते, पण सिनेमाच संथ असल्यामुळे निभते!

पहिला सिनेमा 'ओन्ली येस्टरडे'. इसाओ ताकाहाता यांनी १९९१ साली घिबली स्टुडिओसाठी केलेला. तोक्योत कचेरीत काम करणारी सत्तावीस वर्षांची ताएको १९८२ च्या उन्हाळ्यात रजा घेऊन यामागाता भागातल्या खेड्यात जाते. कशाला? तर करडईची फुले तोडायला. होय, आपलीच करडई! परभणीच्या कृषी विद्यापीठात जिच्यावर संशोधन चालते, जिच्या एका वाणाचे नावच 'परभणी कुसुम' आहे, तीच ही करडई. आपण ती तेलासाठी पेरतो, गुरे आत शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेने तिच्या ओळी लावतो, कोवळी असताना भाजी करून खातो. जपानात तिच्या पाकळ्यांपासून लाल रंग काढत, ओठांना लावायचा. आपल्याकडेही कुसुंबी रंग याच फुलांचा, पण ते आता शब्दकोशात उरले आहे.

ताएको गाडीतून उतरते ती थेट शेतात जाते, पहाटेच. पहाटे का, तर दवाने काटे मऊ असतात. ज्याने करडई काढली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही काढणीला सकाळी लवकर जातात, हाताला फडके गुंडाळतात, कारण ऊन चढले की काटा हाताला लागू देत नाही. मग ताकाहाता काय करतो? तो घाई करीत नाही. फुले खुडणे, ती धुणे, तुडवणे, झाकून आंबवणे, कुटून त्यांच्या चकत्या करणे, वाळवणे हे सगळे तो दाखवतो. आणि मध्येच सांगतो की पूर्वी उघड्या हातांनी फुले तोडणाऱ्या मुलींच्या बोटांतून रक्त येई, आणि ज्या रंगासाठी ते सांडे तो रंग त्यांच्या ओठांना जन्मात कधी लागत नसे. एवढ्या एका गोष्टीत शेतमालाच्या भावाचा सगळा प्रश्न आला की नाही? आमच्या मालिकांनी हजार भागांत तो सांगितलेला नाही.

"पण त्यात घडते काय?" असे विचारणारे भेटतात. ताएकोला पाचवीतले दिवस आठवतात, एवढेच घडते. एक आठवण अपूर्णांकांच्या भागाकाराची आहे. दोन तृतीयांशाला एक चतुर्थांशाने भागायचे. मोठी बहीण म्हणते, उलटा कर आणि गुण. ताएको सफरचंदाचे चित्र काढून विचारते, पण अपूर्णांकाने भागायचे म्हणजे नेमके काय करायचे? घरचे तिला मठ्ठ ठरवतात. न विचारता उलटा करून गुणणारी पोरे पास होतात! मी म्हणते, प्रत्येक डीएड, बीएडच्या वर्गात हा प्रसंग दाखवावा. शिक्षणावरची शंभर भाषणे वाचतील.

त्याच सिनेमात तोशिओ नावाचा तरुण आहे. नोकरी सोडून शेतीत उतरलेला. (२०१६ साली सिनेमा इंग्रजीत आला तेव्हा त्याचा आवाज देव पटेलने दिला.) ताएको डोंगर, ओढा, शेते बघून म्हणते, काय हा निसर्ग! तोशिओ तिला शांतपणे समजावतो की यातले काहीच आपोआप झालेले नाही. ती झाडी, ते पाट, ते उतार, सगळ्यांवर पिढ्यान् पिढ्या माणसांचा हात फिरला आहे. गोदावरीच्या काठाने किंवा पूर्णेच्या पट्ट्यातून जाताना एसटीच्या खिडकीतून आपण जे बघतो तेही असेच कोणाच्या तरी हातचे आहे. हे कळणे म्हणजे काहीच न घडणे असेल, तर घडणे म्हणजे काय ते मला कोणीतरी समजावून सांगावे. आणि प्रेक्षक कंटाळतो म्हणाल, तर हाच सिनेमा १९९१ साली जपानात सर्वाधिक कमाई करणारा जपानी सिनेमा ठरला.

दुसरा सिनेमा मी आईबापांसाठी सांगते. 'व्हिस्पर ऑफ द हार्ट', १९९५, दिग्दर्शक योशिफुमी कोंदो. चौदा वर्षांची शिझुकु पुस्तकवेडी. तिच्या शाळेतल्या मुलाला व्हायोलिन बनवायला शिकायचे आहे, त्यासाठी तो इटलीत क्रेमोनाला जायला निघतो. मग हिलाही वाटते, आपल्याला खरेच लिहिता येते का ते बघावे. ती कादंबरी लिहायला बसते आणि परीक्षेत नंबर घसरतो. आता आपल्याकडे काय झाले असते? लातूर नाहीतर नांदेडचा क्लास, वह्या जप्त आणि "आधी नीट, मग बाकी नाद". तिचे वडील मात्र तिला करू देतात, आणि त्याच बरोबर हेही सांगतात की आपल्या वाटेने जाणे सोपे नसते, कारण मग दोष द्यायला दुसरे कोणी उरत नाही. पुढे एक म्हातारा तिला ओबडधोबड दगड दाखवतो, आत रत्न असलेला. पैलू पाडायचे काम अजून बाकी आहे, हे त्याला सांगायचे असते. पोरीला कोणी खोटे डोक्यावर घेत नाही आणि कोणी चिरडतही नाही. या दोन टोकांच्या मधली जागा आपल्या घरांतून नाहीशी झाली आहे. आपल्या भाषेतच बघा ना, 'नाद' हा शब्द आपण निम्म्या वेळा शिवीसारखा वापरतो. आणि नोकरी? ती "लागते". लॉटरी लागावी तशी! काम मात्र करावे लागते, म्हणून ते कोणाला नको असते.

तिसरी मालिका 'शिरोबाको'. २०१४-१५ साली आली, चोवीस भाग. कार्टून बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसांची ही गोष्ट. नायिका आओई काही थोर कलावंत नाही. कोणाचे चित्र आले, कोणाचे राहिले याचा हिशेब ठेवत ती गाडी घेऊन गावभर फिरते. एखाद्या कारकुनावर इतक्या जिव्हाळ्याने लिहिलेली मालिका मी पाहिलेली नाही. तिथे सुगिए नावाचा जुना चित्रकार आहे. सध्या चालणारी गोडगोड मुलींची चित्रे त्याला जमत नाहीत, म्हणून तो कोपऱ्यात पडलेला. एक दिवस उधळलेल्या घोड्यांचा प्रसंग काढायची वेळ येते आणि तरुणांपैकी कोणाला घोडा येत नाही. तेव्हा त्याच्याकडे जावे लागते. म्हातारा बसतो, काढतो आणि काढता काढता शिकवतो. आओईने लहानपणी ज्या कार्टूनपायी या धंद्यात यायचे ठरवले त्यावर याच म्हाताऱ्याचा हात होता! निवृत्त माणसाने हा भाग रुमाल जवळ ठेवून बघावा.

आता आक्षेपांकडे येते. "कार्टून पोरांचे असते" म्हणणाऱ्यांना मी दादासाहेब फाळक्यांची आठवण देते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी भांडवल देणाऱ्यांना दाखवायला काय चित्रित केले? वाटाण्याच्या रोपाची वाढ! रोज थोडे थोडे, धीर धरून. १९१५ साली त्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. चित्रामागून चित्र जोडायचा हा धीर आपल्या नाशिकच्याच माणसात होता. "हे परके आहे" म्हणणाऱ्यांना मी गंगाखेडला पाठवते. जनाबाई तिथली. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणे हा तिच्या अभंगांचा संसार. जात्यावर बसल्याशिवाय तिचा देवसुद्धा तिला भेटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. एक कोवळा मास्तर, धनगरांची वाडी, शाळा उभी करण्याची धडपड. मारामारी नाही, खलनायक नाही, आणि सत्तर वर्षे लोक ती वाचत आहेत. कागदावर आपल्याला हे सगळे येत होते, पडद्यावर यायचे राहिले. आणि "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणून मिरवणाऱ्या आमच्या गावाला जपानचेच वावडे कशाला?

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळून चालणार नाही. कामाची आवड ही पिळवणुकीची सोय होते. "आवड आहे ना, मग पैसे कशाला मागता?" हे वाक्य विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे ऐकले आहे. मराठवाड्यात असे शिक्षक गावोगाव आहेत; बिनपगारी शिकवून सुटीत दुसऱ्याच्या रानात रोजाने गेलेले. मग कामाचे गोडवे गाणारे सिनेमे म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ नव्हे का? नव्हे, कारण चांगले सिनेमे हे लपवत नाहीत. 'शिरोबाको'त माणसे जागरणांनी पिचतात, आवाज देणारी एक गुणी पोरगी भागामागून भाग नाकारली जाते. 'ओन्ली येस्टरडे'त तर खेड्यातली आजी ताएकोला सरळ विचारते, इथेच लग्न करून राहतेस का? तेव्हा ती घराबाहेर पळते. दहा दिवस फुले तोडून खेड्यावर प्रेम करणे सोपे, हे तिला पावसात उभे राहून उमगते. करडई तोडणे तिची सहल होती, त्यांचे ते आयुष्य. स्वतःच्याच नायिकेला इतके स्पष्ट बोल लावणारा सिनेमा कामाचे गोडवे गात नाही. तो कामाचे मोल सांगतो, आणि मोल सांगितल्याखेरीज मोबदला मागता येत नसतो.

म्हणूनच संथपणा हा दोष नव्हे, ती अट आहे. घाईत फक्त निकाल दिसतो : नंबर, पगार, बंगला. काम दिसायला वेळ द्यावा लागतो. भाकरी थापायला लागतो तेवढा तरी.

तेव्हा घरात दहावीचे पोर असेल तर 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' त्याच्या शेजारी बसून बघा. नोकरीच्या शोधातल्या मुलीला 'शिरोबाको' सांगा. 'ओन्ली येस्टरडे' सगळ्यांनी बघा, आणि कृपा करून वेग दुप्पट करून बघू नका. पहिली वीस मिनिटे जांभई येईल, ती सोसा. आणि सिनेमावाल्या तरुणांनो, यामागातातल्या करडईवर सिनेमा होऊन तीस वर्षे उलटून गेली. परभणीची करडई अजून कॅमेऱ्याची वाट बघते आहे. फेब्रुवारीत या, पहाटे या. आणि हाताला फडके बांधायला विसरू नका.